मंगळाच्या उद्या

"मले नाही येत वो बाई," सासूबाई म्हणाल्या आणि पदराचं टोक ओठांवर धरून हसल्या. डॉक्टरीणबाईही हसल्या, कागदावर एक शून्य काढलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. एवढंच झालं. साकोलीच्या त्या लहानशा खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कोणाचं तरी लेकरू रडत होतं, आणि मी भिंतीला टेकून उभी होते, कारण खुर्च्या तीनच होत्या. एका खुर्चीवर सासूबाई, एकीवर मामाजी, म्हणजे माझे सासरे, टोपी मांडीवर घेऊन, एकीवर आमचे हे. मेंदूच्या डॉक्टरीणबाई नागपूरहून महिन्याच्या पहिल्या बुधवारी येतात, म्हणून आम्ही सानगडीहून सकाळीच निघालो होतो. आधीचा प्रश्न होता, "आजी, आज वार कोणता?" सासूबाई म्हणाल्या, "मंगळाच्या उद्याचा." "म्हणजे कोणता?" "म्हंजे मंगळ झाला न, त्याच्या उद्याचा." शून्य. मग, "मालकांचं नाव काय?" "हे काय, बसले न समोर." "दिसतात मला. नाव सांगा." "तुमच्या कागदावर असन न लिवलेलं." "कागदावर आहे, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. इथं नाव घेतलं तर कोणी रागावणार नाही." त्यावर सासूबाई ते म्हणाल्या. रागावत नाही कोनी. मले नाही येत वो बाई.

मी सहसा मधे बोलत नाही. पण बोलले. म्हटलं, "मॅडम, त्या मामाजींचं नाव घेत नाहीत. मामाजी बुधराम आहेत. वारातही ते नाव येतं, म्हणून वार तसा सांगितला." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. वयानं माझ्यापेक्षा लहानच असतील. म्हणाल्या, "माझी आजीही घेत नसे. मला माहीत आहे ते. पण ताई, मग मी कसं ओळखायचं, ह्यांना घ्यायचं नाही की आठवत नाही? तुम्हाला ओळखता येतं का?" हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटून घेतलं. मामाजी टोपीची घडी करत होते, उलगडत होते, पुन्हा करत होते.

येताना गाडीत हे म्हणाले, "तू बोलली म्हनून बरं झालं. नाही त बुढीले पागल ठरवलं असतं." सासूबाई खिडकीशी होत्या. कोणाच्या बांधीत धान कसं आहे, कोणी चिखलणी उशिरा केली, कोणाच्या धुऱ्यावरचं मोहाचं झाड कोणी तोडलं, सगळं सांगत होत्या, आणि एकही नाव चुकत नव्हतं. "हे पाय, ताराचंदची बांधी. आवंदा खत जास्त झालं त्याचं, लोळन पाय धान." मी मागच्या सीटवर बसून तेच तीन शब्द फिरवत होते. मले नाही येत. आपल्या बोलण्यात येणं किती प्रकारचं असतं. पोहता येत नाही, म्हणजे शिकलो नाही. रडू येत नाही, म्हणजे आतून उमटत नाही. पाहुणा येत नाही, म्हणजे वाट पाहिली तरी तो नाही. सासूबाईंना ह्यातलं कोणतं येत नव्हतं? लाजून हसल्या, ते तर खरंच होतं. पण लाजेनं हसणारी बाई आणि आतलं काहीतरी चाचपून हाताला न लागल्यावर हसणारी बाई पदराआडून सारख्याच दिसत असतील.

लग्न होऊन आले तेव्हा मला सासूबाई गर्विष्ठ वाटल्या होत्या. ओसरीवर येणारा प्रत्येक माणूस "रामराम बाई" म्हणायचा आणि ह्या म्हणायच्या, "हाव, या, बसा." उलट रामराम कधी नाही. एकदा शेजारच्या कौशल्याबाईंजवळ मी तसं हळूच बोलले, तर त्या खदखदून हसल्या. "अवो पोरी, नवऱ्याच्या नावात राम हाय न तिच्या! मंग कशी म्हनन ते रामराम?" तेव्हापासून मी ऐकायला लागले. जपमाळ घेऊन बसत तेव्हा सासूबाई हरी म्हणत, दुसरं नाव नाही. गावात कोणी गेलं आणि लोक राम म्हणत दारावरून निघाले, की त्या आत जाऊन चुलीपाशी बसत, ओठ मिटून. आणि बुधवारला मंगळाच्या उद्या. आमची लेक खुशी लहानपणी आजीजवळ वार शिकली. शाळेत तिनं सोमवार, मंगळवार, मंगळाच्या उद्या, गुरुवार असे खणखणीत म्हणून दाखवले, आणि बाईंनी मला बोलावून घेतलं. घरी हे सांगितलं तेव्हा मामाजी इतके हसले की ठसका लागला. सासूबाई म्हणाल्या, "हासा. तुमच्याच पायी होऊन राहिलं हे." मामाजीही त्यांचं नाव घेत नसत. अवो, आयकली का. एवढंच. बायाबाई हे नाव मी पहिल्यांदा राशन कार्डावर वाचलं.

मीही घेत नाही. मी शिकलेली आहे, नागपूरच्या कंपनीचं काम घरी बसून करते, कुठंही लिहायची वेळ आली तर नाव लिहिते. पण तोंडातून काढत नाही. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, पाठीमागून कोणी बघतंय म्हणूनही नव्हे. माझे नेम आहेत तसाच हा एक. सकाळी उठल्यापासून पूजा संपून नैवेद्य दाखवेपर्यंत मौन, तुळशीला पाणी, संध्याकाळी दिवा, आणि झोपण्याआधी माळ. पूजेला बसायच्या आधी मी सगळं हाताशी मांडून घेते. हळद, कुंकू, अक्षता, फुलं, कापूर, काड्याची पेटी. एकदा बसल्यावर उठायचं नाही, आणि मौन असल्यामुळे कोणाला हाक मारून मागायचंही नाही. आईनं तसं शिकवलं होतं. एखादी वस्तू नसली तर ती बसण्याआधीच कळायला हवी. कामात मात्र मी नेमकं उलट करत होते, हे मला राखीचा फोन आला तेव्हा कळलं.

राखी आमच्या टीमची मुख्य. नागपूरला असते, फटाफट बोलते, मनात काही ठेवत नाही. दवाखान्यातून आलो त्याच दिवशी दुपारी तिचा फोन आला. "कामिनीताई, एकोडीचं पान उघडून नाही राहिलं. पांढरं दिसते नुसतं." आम्ही तलावांच्या पाण्याचं ॲप करतो. धानाला पाणी कधी सुटणार, तलावात किती उरलं, कोणत्या पाटाची पाळी, हे शेतकऱ्याला मोबाइलवर दिसावं म्हणून. कोणत्याच दोन तलावांची रीत सारखी नसते, म्हणून प्रत्येक गावच्या तलावासाठी मी एक वेगळी लहान फाइल केली होती. म्हटलं, "माझ्याकडे तर उघडतं." "तुझ्याकडे उघडनच न! तुझ्या घरात साऱ्या फायली आहेत. लोकांना आपन बांधून पाठवतो ते पाय. त्याच्यात एकोडी नाहीच." मी पाहिलं. खरंच नव्हती.

जावास्क्रिप्टमध्ये एका फाइलीला दुसऱ्या फाइलीतलं काही हवं असेल तर ते दोन रीतींनी मागवता येतं. एक, फाइलीच्या अगदी माथ्यावर, काहीही सुरू होण्याआधी, नाव पूर्ण लिहून. दुसरी, काम चालू असताना मधेच, जेव्हा लागेल तेव्हा. तिला डायनॅमिक इंपोर्ट म्हणतात. त्यात नाव आधी पूर्ण लिहायचीही गरज नसते. मी लिहिलं नव्हतं. माणूस तालुका निवडेल, गाव निवडेल, ते दोन तुकडे जोडून त्या क्षणी नाव तयार होईल आणि ती फाइल हाकेला ओ देत येईल, अशी माझी योजना होती. मला ती सुंदर वाटली होती. कुठेही गावांची जंत्री नाही, गर्दी नाही. पण लोकांकडे पाठवण्याआधी सगळ्या फायली बांधून आटोपशीर करणारं एक साधन असतं. ते वरपासून खालपर्यंत वाचतं, आणि ज्या फाइलीचं नाव कुठेच लिहिलेलं दिसत नाही ती बिनकामाची समजून मागे ठेवतं. आंधळगावचं, सानगडीचं नाव जुन्या पानांवर दुसऱ्या कामासाठी आलेलं होतं, म्हणून त्या फायली मागे राहिल्या नाहीत. एकोडी नवी होती. तिचं नाव सगळीकडे गृहीत होतं, लिहिलेलं कुठेच नव्हतं.

"नाव घेतलं नाही म्हणजे ती नाहीच, असं कसं समजतं ते?" मी म्हटलं. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण राखीनं समजावणीचा सूर लावला. "ताई, ते मशीन आहे. त्याले तुझ्या मनातलं काय समजते? आता ठरवूनच टाकू. डायनॅमिक इंपोर्ट बंद. साऱ्या फायलींत. जे पायजे ते माथ्यावर, नाव घेऊन." "पहिल्यांदा उघडायला जड होईल." "होऊ दे जड. पन नसन त आपल्यालेच आधी कळन. तिकडं कोनी चिखलात उभं राहून पांढरं पान पायत राहन, त्याच्यापेक्षा बरं नाही का?" हो म्हटलं. तिचं बरोबर होतं. माथ्यावर नाव लिहिलं आणि फाइल नसली, तर बांधणीच होत नाही, तिथंच लाल ओळ येते. मधेच मागवलं तर मागवेपर्यंत कळत नाही. आहे असं धरून चालता येतं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला ती दुसरी रीत का आवडली होती.

वैशाखातली एक दुपार आहे, जी मी कोणाला सांगितलेली नाही. दवाखान्यात जायचं ठरलं ते दुसऱ्याच कारणांनी, गॅस चालू राहिला, औषध दोनदा घेतलं, अशा. पण मला त्या दुपारी कळलं होतं, किंवा कळायचं राहिलं होतं. मामाजी शेतावरून उशिरा आले आणि ओसरीत बसले. सासूबाई आत आल्या, माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कामिनी, ते पाहुने कवाचे बसले ओसरीत. चहा दे न त्याहिले." मी बाहेर डोकावले. मामाजींशिवाय कोणी नव्हतं. आता, आमच्याकडे उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्याला बायका पाहुणेच म्हणतात. कौशल्याबाई तर नवऱ्याला, बाबुलालभाऊंना, रोज म्हणतात, "आले का पाहुने? बिस्तरा मांडू का?" सासूबाईंनीही पूर्वी कितीदा म्हटलं होतं. म्हणून मी हसले. पण त्या हसल्या नाहीत. टोमणा मारताना त्या नेहमी मोठ्यानं बोलत, ओसरीपर्यंत पोचेल असं. ह्या वेळी कानात बोलल्या होत्या. मी चहा केला, नेऊन दिला. मामाजी म्हणाले, "तिनं नाही आनला?" "पोळ्या लाटताहेत," मी म्हटलं. पुढं मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

ह्यांचं म्हणणं सरळ होतं. हे पाण्याच्या मोटारी बांधतात, जळालेली तार काढून नवी गुंडाळतात, मीटर लावून पाहतात, काटा हलला तर हलला. रात्री जेवताना म्हणाले, "एकदा घ्याले लावू न नाव. लग्नात नाही का घेत साऱ्या बाया? तसं. म्हंजे समजून जाईन." मामाजी म्हणाले, "कायले?" "बाबा, समजाले नोको का?" "कोनाले समजाले पायजे?" सासूबाई ताटाजवळ बसून भाताची शितं एकेक वेचत होत्या. "कोनाचं लगन हाय?" त्यांनी विचारलं.

कौशल्याबाईंच्या नातसुनेचं हळदीकुंकू झालं तेव्हा मात्र मी काही न करता नाव घ्यायची वेळ आली. बायकांनी नवरीला नाव घ्यायला लावलं, मग तिच्या सासूला, मग हसत हसत पाळी सासूबाईंवर आली. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. ताठ बसल्या, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "तलावाच्या पारीवर बगळ्याची रांग, सासरच्या वाटेले मोहाची बाग, खलबत्त्यात कुटली सुंठ न जिरं…" आणि तिथं थांबल्या. सगळ्या थांबल्या. माझ्या हातात अत्तरदाणी होती. सासूबाई सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहत होत्या, जणू पुढचं कोणाच्या तरी चेहऱ्यावर असेल. मग मान खाली घालून हसल्या. "लाजली रे बाप्पा बुढी!" कौशल्याबाई ओरडल्या, आणि इतका गलका झाला की तो क्षण त्याच्यात बुडून गेला. मीही हसले. घरी येताना त्यांनी माझा हात धरला होता. त्यांचा तळवा ओला होता.

त्या रात्री माळ ओढताना मला एक गोष्ट सुचली आणि मी मणी धरून थांबले. डॉक्टरीणबाई नाव न घेण्यावरून काही ओळखू शकत नव्हत्या. पण टाळण्यावरून ओळखता येत होतं. जी बाई बुधवारला मंगळाच्या उद्या म्हणते, तिला बुधवार का म्हणायचा नाही हे ठाऊक असतं. कुंपण आहे, म्हणजे आत शेत आहे. रामराम ऐकून ती "हाव, या, बसा" म्हणते तोवर नाव तिच्याजवळ आहे, नीट झाकून ठेवलेलं. ते शून्यच खरं तर पूर्ण गुण होते. मला इतकं हलकं वाटलं की मी माळ तशीच हातात धरून ह्यांना उठवणार होते. उठवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी देवापुढे बसले की एक मागणं मागू लागले, आणि ते मागताना माझीच मला लाज वाटे. देवा, सासूबाईंच्या तोंडून राम येऊ देऊ नकोस. त्याच्याच पुढे बसून त्याचंच नाव निघू नये म्हणून हात जोडायचे. पण मागितलं. रोज मागितलं. कोणी ओसरीवर आलं की मी हातातलं काम सोडून दाराआड उभी राहायची. "रामराम बाई." "हाव, या, बसा." मग मी परत कामाला जायची. एकेक फाइल उघडायची, मधेच केलेली मागणी काढायची, माथ्यावर नाव लिहायचं, बांधणी करून पाहायची. काही ठिकाणी लाल ओळ आली. एका गावचं नाव मी दोन फायलींत दोन तऱ्हेनं लिहिलं होतं. एक फाइल तर मी कधी केलीच नव्हती, केली असं धरून चालले होते.

दिवाळी झाली, धान कापून झालं, मळणीचं चुरणं सुरू झालं, आणि डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जायचा दिवस आला. ह्या वेळी खोलीत चार खुर्च्या होत्या. सासूबाई नवं लुगडं नेसल्या होत्या आणि आनंदात होत्या, रस्त्यात कोणीतरी भेटलं होतं, त्याची विचारपूस करून झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, कशा आहात? आज वार कोणता, सांगता?"

"बुधवार," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. "अरे वा! एकदम बरोबर." आमचे हे पुढे सरकले, खुर्ची करकरली. "आई! बरोबर सांगितला!" सासूबाईंना कौतुक आवडलं. "बुधवार न? बुधवारच हाय," त्या पुन्हा म्हणाल्या, लेकराला शिकवावं तसं ह्यांच्याकडे पाहून. तो शब्द त्यांच्या तोंडात साधा, रिकामा, कुठेही न अडखळता येत होता. मी मामाजींकडे पाहिलं. ते सासूबाईंकडे पाहत होते. टोपी मांडीवर होती, पण आज ते टोपीला हात लावत नव्हते. डॉक्टरीणबाई थोड्या मोठ्यानं म्हणाल्या, "आजोबा, ऐकलं ना? सुधारणा आहे." मामाजी म्हणाले, "हाव. आयकलं मी." नावाचा प्रश्न डॉक्टरीणबाईंनी ह्या वेळी विचारला नाही. मागच्या वेळी मीच सांगितलं होतं ना, त्या नाव घेत नाहीत म्हणून. कागदावर गुण वाढले होते. गोळ्या तशाच चालू ठेवा, म्हणाल्या. मला सांगता आलं असतं. मॅडम, हे वाढलेले नाहीत. पण ह्यांचा चेहरा इतका उजळला होता, आणि सासूबाई इतक्या समाधानानं बसल्या होत्या, की मी गाडीची वाट पाहायला बाहेर आले.

साकोलीतून ह्यांनी बालुशाही घेतली. गाडीत सगळ्यांना वाटली, मामाजींनाही दिली. मामाजींनी खाल्ली. सासूबाईंच्या लुगड्यावर पडलेला चुरा त्यांनी झटकला, तेव्हा त्या जरा आवरून बसल्या, परक्याचा हात लागल्यावर बसतात तशा. आणि हे म्हणाले, "आता जानेवारीत मोठ्या तपासणीले नागपूरले जायचं काम नाही, नाही का बाबा?" "नाही," मामाजी म्हणाले. "काही काम नाही."

घरी आल्यावर मी खोलीत जाऊन दार लावलं. लॅपटॉप उघडला नाही. कसं होतं पाहू म्हणून, रिकाम्या खोलीत, मी ह्यांचं नाव घेतलं. चंद्रकुमार. पहिल्यांदा ओठच हलले. दुसऱ्यांदा आवाज आला, आणि तो माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. अंगणातून हे धावत आले, हातात पाना. "कोन आलं? कोन बोलावून राहिलं मले?" "कोणी नाही." "अवो, आवाज आला न. बाईचा होता." "मीच होते." हे उंबऱ्यातच उभे राहिले. "काहून? काय झालं?" "काही नाही," म्हटलं, "येतं का ते पाहत होते." हे मान हलवत गेले.

मामाजी माझ्या खोलीत कधी येत नाहीत. दोन-चार दिवसांनी दुपारी आले, दाराशी खाकरले, आणि मी उठले तर म्हणाले, "बस, बस. तुहं चालू दे." खाटेवर बसले. स्क्रीनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दिवसभर काय करतं तू याच्यात?" मी त्यांना सांगितलं. शक्य तितकं सोपं करून. म्हटलं, "मामाजी, आधी मी असं केलं होतं, की जे लागेल ते त्या वेळी शोधायचं. पण शोधायच्या वेळी ते सापडेलच असं नसतं. म्हणून आता सुरू होण्याआधीच, सगळ्यात वर, नावं लिहून ठेवते. मग मधे कोणाला शोधत बसायला लागत नाही." "रोज लिवा लागते?" "एकदा लिहिलं की राहतं." "राहते?" "मशीनमध्ये राहतं." "हाव. मशीनमंधी राहते," ते म्हणाले, आणि उठले. सासूबाईंनी वार कसा सांगितला, त्याबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही. बोलायचं काही राहिलं नव्हतं.

मग आज सकाळची गोष्ट. मी पूजेला बसले होते. सगळं मांडून झालं होतं, वात लावली होती. देवघरातून ओसरी दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. सासूबाई नेहमीप्रमाणे ओसरीत खाटेवर उन्हाला बसल्या होत्या, जपमाळ घेऊन. मामाजी अंगणातून आले. त्यांची चप्पल पायरीशी थांबली. रोज ते सरळ आत येतात. आज थांबले. मला वाटलं, पायात काही रुतलं असेल. मग त्यांचा आवाज आला, जरा मोठा, सरपंचापुढे उभं राहून बोलावा तसा.

"मी बुधराम. या घरचाच आहो."

माझ्या हातातली फुलं तशीच राहिली. माळेचे मणी सरकायचे थांबले होते. मला उठायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं, उठता आणि बोलता येत असतं तरी मी काय केलं असतं, मला माहीत नाही. कोणीतरी सायकलवरून गेलं. मग सासूबाईंचा आवाज आला, शांत, थोडा त्रासिक.

"सांगाले कायले पायजे? रोज त येता तुमी."

"हाव," मामाजी म्हणाले. "रोज येतो." आणि खाट करकरली, ते सासूबाईंशेजारी बसले.